पायी अंतरावरची शाखा की बस-मेट्रोने गाठायचे मध्यवर्ती ग्रंथालय?

मुलांना घेऊन सार्वजनिक ग्रंथालयात जायचे ठरले की बहुतेक मोठ्या शहरांत दोन पर्याय समोर येतात : चालत जाता येईल अशी वस्तीतली छोटी शाखा, आणि बस किंवा मेट्रोने गाठावे लागणारे मध्यवर्ती ग्रंथालय. केवळ पुस्तकसंख्या पाहिली तर दुसरा पर्यायच सरस ठरतो. परंतु घरी नेलेले प्रत्येक पुस्तक मुदतीत परत करावे लागते, त्यामुळे पहिली भेट ठरवतानाच दुसरी भेटही ठरून जाते. प्राणिसंग्रहालय वर्षातून एकदा पाहिले तरी भागते, ग्रंथालयाचे तसे नसते. म्हणूनच या तुलनेत वाहतुकीच्या सोयीला संग्रहाइतकेच, किंबहुना थोडे अधिक महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे.

प्रौढ माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर चालतो, म्हणजे ८०० मीटरवरची शाखा त्याला १० मिनिटांवर असते. चार वर्षांचे मूल सोबत असेल तर त्याच अंतराला १५ ते २० मिनिटे धरावीत. हा वेळ दर खेपेला जवळपास तेवढाच राहतो. बसच्या प्रवासात मात्र अंतरापेक्षा दोन फेऱ्यांमधला खंड निर्णायक ठरतो. फेऱ्या नियमित असतील आणि वेळापत्रक न पाहता थांब्यावर गेलो, तर सरासरी या खंडाच्या निम्मा वेळ थांबावे लागते : दर १० मिनिटांनी बस असेल तर ५ मिनिटे, दर ३० मिनिटांनी असेल तर १५. मध्ये बस बदलायची असेल तर ही प्रतीक्षा पुन्हा करावी लागते, आणि परतीच्या वाटेवर ती सारी नव्याने सोसावी लागते. त्यामुळे वारंवार धावणाऱ्या थेट मार्गावरचे ६ किलोमीटर दूरचे ग्रंथालय हे, वाटेत बस बदलून जावे लागणाऱ्या ३ किलोमीटरवरच्या ग्रंथालयापेक्षा प्रत्यक्षात जवळचे ठरू शकते. सुट्टीच्या दिवसाचे वेळापत्रक वेगळे तपासावे, कारण कुटुंबे नेमकी त्याच दिवशी निघतात आणि अनेक मार्गांवर फेऱ्याही त्याच दिवशी कमी असतात.

बाबागाडी, चाकाची खुर्ची किंवा गुडघे दुखणारे आजोबा सोबत असतील तर हिशेब आणखी बदलतो. मेट्रो स्थानकाच्या प्रत्येक दारापाशी लिफ्ट असेलच असे नाही. ज्या दाराला ती आहे, ते ग्रंथालयाच्या विरुद्ध बाजूला निघाले तर रस्ता ओलांडण्याचे काम वाढते. बस लो-फ्लोअर आहे का, हेही पाहावे. शाखेच्या बाबतीत पदपथ सलग आहे का आणि प्रवेशाशी पायऱ्यांना जोडून उतार आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. या उताराचे प्रमाण १:१२ (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) यापेक्षा तीव्र नसावे, हा अनेक ठिकाणी मान्य असलेला दंडक आहे. युनेस्को आणि इफ्ला (ग्रंथालय संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) यांच्या १९९४ च्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यातही सेवा सर्वांना प्रत्यक्ष पोहोचता येईल अशी असावी आणि इमारत सोयीच्या जागी असावी, अशी अपेक्षा नोंदवलेली आहे.

संग्रहातला फरक मात्र खरा आहे. ड्युई दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची पद्धत, वापरणाऱ्या ग्रंथालयांत डायनासोरची पुस्तके ५६७.९ या क्रमांकापाशी सापडतात. शाखेत तेथे दोन-चार पुस्तके असतील, तर मध्यवर्ती ग्रंथालयात कदाचित अख्खा कप्पा असेल. एकाच विषयाने झपाटलेल्या मुलाला हा फरक लगेच कळतो. उलट, नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला छोटा बालविभागच सोपा जातो, कारण तेथे तो स्वतः मांडणीपर्यंत पोहोचतो आणि पालकांनाही तो नजरेआड होण्याची धास्ती राहत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. तो वेळ घराच्या उंबरठ्यापासून मोजला, तर शाखेचे पारडे जड होते.

निवड करण्यापूर्वी देवघेव विभागात दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : मध्यवर्ती ग्रंथालयातले पुस्तक मागणी नोंदवून शाखेत मागवता येते का, आणि एका ठिकाणाहून नेलेले पुस्तक दुसऱ्या ठिकाणी परत करता येते का. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर नेहमीसाठी शाखाच निवडावी आणि मध्यवर्ती ग्रंथालय सुट्टीतल्या निवांत दिवसासाठी राखून ठेवावे. दोन्ही नकारार्थी असतील आणि घरात प्रकल्पासाठी संदर्भ शोधणारे मोठे मूल असेल, तर थेट मार्ग आणि १० मिनिटांच्या आतली फेरी मिळत असल्यास मध्यवर्ती ग्रंथालयाचे सभासदत्व घेणे योग्य. फक्त तेथून परतताना पिशवीतल्या पुस्तकांचे ओझे कोण उचलणार, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.