नेटफ्लिक्सवरच्या कोरियन मालिका: कोणत्या भाषेत बघाव्यात?

निकाल आधीच सांगून टाकतो. आवाज मूळ कोरियन ठेवा, सबटायटल ‘इंग्रजी’ लावा आणि शेजारीच ‘इंग्रजी (सीसी)’ दिसत असेल तर तिकडे बोट जाऊ देऊ नका. हिंदी डब दुसऱ्या क्रमांकावर. कोथिंबीर निवडता निवडता ऐकायला चालतो. मराठीचा पर्याय या मालिकांवर सहसा नसतोच आणि आमची मुख्य तक्रार तीच आहे, कारण कोरियन संवाद मराठीत जितके अलगद बसतात तितके इंग्रजीत बसत नाहीत.

आधी त्या ‘सीसी’ची (क्लोज्ड कॅप्शन) भानगड. ही सबटायटलची पट्टी मुळात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असते, म्हणून तिच्यात दार आपटल्याच्या, कुणी हुंदके दिल्याच्या सूचनाही येतात. पण परदेशी मालिकेत ती बहुधा इंग्रजी डबवरून उतरवलेली असते आणि डबचं वाक्य पात्राच्या ओठांच्या मापाने कापलेलं असतं. म्हणजे कानावर कोरियन पडतंय आणि डोळे वाचताहेत इंग्रजी डब. ‘स्क्विड गेम’ ही जीवघेण्या खेळांची कोरियन मालिका सप्टेंबर २०२१ मध्ये आली तेव्हा गदारोळ झाला तो यावरूनच. तिच्यातली हान मि-न्यो म्हणते त्याचा अर्थ साधारण असा: “मी लई हुशार आहे, शिकले नाही एवढंच.” सीसीत ते ‘मी काही फार बुद्धिमान नाही, पण...’ अशा वळणावर गेलं. शिक्षण हुकलेली, तरी स्वतःच्या अकलेबद्दल पक्की खात्री असलेली बाई गेली आणि नुसती बेरकी बाई उरली.

साध्या इंग्रजी पट्टीत हा घोटाळा कमी, पण तिथे अडचण वेगळी. जगभर वाटायच्या मालिकेचा अनुवाद प्रत्येक वेळी थेट मूळ भाषेतून होत नाही. आधी एक इंग्रजी ‘टेम्प्लेट’ तयार होतं: प्रत्येक ओळ कधी दिसणार, कधी जाणार, तिच्यात काय असणार. बाकीच्या बऱ्याच भाषांचे अनुवादक त्याच साच्यात आपापली ओळ भरतात. ‘स्क्विड गेम’ला सुरुवातीला ३१ भाषांत सबटायटल आणि १३ भाषांत डब होते. एवढ्या भाषांसाठी कोरियन जाणणारे अनुवादक मिळणं कठीण, म्हणून साचा स्वस्त आणि जलद पडतो. पण इंग्रजीत जे गळलं ते पुढच्या सगळ्या भाषांत गळतं.

गळतं काय, तर सगळ्यात आधी नाती. पुरुष मोठ्या भावाला ‘ह्यंग’ म्हणतो, बाई ‘ओप्पा’ म्हणते; मोठी बहीण पुरुषासाठी ‘नूना’, बाईसाठी ‘उन्नी’. ही नावं सख्ख्या भावंडांपुरती नाहीत, ओळखीतल्या वयाने मोठ्या माणसालाही तीच. अनोळखी मध्यमवयीन बाई ‘आजुम्मा’, म्हणजे आपली काकू किंवा मावशी. इंग्रजी पट्टी यातल्या बहुतेकांच्या जागी थेट नाव टाकते किंवा काहीच टाकत नाही. भाजीवालीला ‘मावशी’ आणि रिक्षावाल्याला ‘दादा’ म्हणणाऱ्या मराठी प्रेक्षकाला मात्र हे सगळं आयतं कळण्यासारखं आहे.

‘स्क्विड गेम’ अजून पाहिली नसेल तर हा परिच्छेद सोडा. तिच्यातला अली हा पाकिस्तानी मजूर (भूमिका दिल्लीच्या अनुपम त्रिपाठी यांची) सोबतच्या खेळाडूला, संग-वूला सारखा ‘साजांगनिम’ म्हणतो, म्हणजे मालक, साहेब. कारखान्यातल्या परदेशी कामगाराच्या तोंडी बसलेला हा शब्द. पुढे संग-वू त्याला सांगतो, मला ‘ह्यंग’ म्हण. मालकाचा दादा होतो. सहाव्या भागात गोट्यांच्या खेळात संग-वू अलीला फसवतो, तेव्हा तो दादा म्हणून फसवतो. ‘मालक’ आणि ‘दादा’ हे दोन शब्द पट्टीत असतील तर मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. कोरियनमध्ये आदराची भाषा ‘चोंदेनमाल’ आणि सलगीची ‘बानमाल’. फरक क्रियापदाच्या शेवटात असतो. दोन पात्रं एकमेकांना वय विचारतात ती चौकशी म्हणून नाही, पुढे कुणी कुणाशी कसं बोलायचं ते ठरवायला. मग एक जण म्हणतो, बानमालवर येऊया का? इंग्रजीत याचं ‘औपचारिकता सोडूया’ असं काहीतरी अगडबंब होतं. मराठीत “मला अहो-जाहो नका करू” एवढं म्हटलं की काम झालं. भांडणात एखादा तावातावाने आदराच्या भाषेवरून एकेरीवर उतरतो ते इंग्रजी पट्टीत दिसतच नाही. आपल्याकडे ‘एकेरीवर येणं’ हा वाक्प्रचारच आहे.

काही ओळी तर जशाच्या तशा बसतात. “बाप मगस्सो?” म्हणजे “जेवलीस का?” (‘बाप’ म्हणजे शिजलेला भात आणि भात म्हणजेच जेवण. कोकणात हे पटवून द्यायला लागू नये.) विचारणाऱ्याला जेवणाशी फारसं देणंघेणं नसतं, काळजी दाखवायची असते. ‘आयगो’ला ‘अगंबाई’पासून ‘अरे देवा’पर्यंत हवं ते लावा. बिनसतं ते ‘ओप्पा’पाशी. प्रेयसी प्रियकरालाही ओप्पा म्हणते आणि तिथे ‘दादा’ घातला तर प्रसंगाचा पार विचका. तो शब्द तसाच ठेवणं उत्तम.

शब्दक्रमाचं कुणी फारसं बोलत नाही, पण पाहण्याचा अनुभव त्यानेच सर्वांत जास्त बदलतो. कोरियनमध्ये क्रियापद शेवटी आणि बऱ्याचदा नकारही तिथेच. “मी त्याला मारलेलं...” इथे नट थांबतो, समोरच्याकडे बघतो, मग “...नाही.” इंग्रजी वाक्यात नकार सुरुवातीलाच येतो, त्यामुळे नटाने तोंड उघडताच खाली उत्तर छापून येतं. त्याचा थांबा वाया गेला. मराठी वाक्य कोरियनच्या पावलावर पाऊल टाकून चालू शकतं, अनुवादकाने इंग्रजी साच्याची नक्कल केली नाही तर.

मराठीवाल्यांना अडेल ती मोजणी. नेटफ्लिक्सच्या नियमांत इंग्रजीसाठी एका ओळीत ४२ अक्षरं आणि एका वेळी दोनच ओळी; कोरियन लिपीत ओळीला १६. ओळ पडद्यावर जास्तीत जास्त ७ सेकंद राहते आणि पाऊण सेकंदाहून थोडी तरी अधिक राहायलाच हवी. सेकंदाला किती अक्षरं वाचायला द्यायची याचीही मर्यादा असते. आता ‘स्त्री’ घ्या. डोळ्याला एक अक्षर दिसतं, संगणक मोजतो सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. सॉफ्टवेअर असं मोजत असेल तर जोडाक्षरांची ओळ वेळेआधीच ‘लांब’ ठरते आणि कात्री लागते. ती लागते संबोधनांना, कारण दादा-वहिनी काढले तरी वाक्य उभं राहतं. मराठी चित्रपटांच्या इंग्रजी पट्टीतून ‘अहो’ जातो तोही असाच.

हिंदी डबबद्दल थोडं चांगलं बोलायला हवं. हिंदीकडे ‘तू-तुम-आप’ अशा तीन पायऱ्या आहेत, त्यामुळे इंग्रजीने गमावलेला आदर ती परत आणू शकते. पण समोर इंग्रजी संहिता असेल तर प्रत्येक ‘यू’पाशी अनुवादकाला अंदाज बांधावा लागतो. संहितेत कोण कुणापेक्षा मोठं याची टीप नसली की एकाच प्रसंगात पात्र ‘आप’वरून ‘तुम’वर घसरतं आणि काही घडलेलं नसताना भांडण झाल्यासारखं वाटतं. ओठांचीही पंचाईत असते. म, प, ब उच्चारताना ओठ मिटतात; चेहरा जवळून दिसत असताना ते जुळले नाहीत तर लगेच खटकतं. हिंदी वाक्य लांबलं की नट भरभर बोलून ते कोंबतो. शिवाय संवाद काढून उरलेला संगीत-ध्वनीचा ट्रॅक नीट आला नसेल तर श्वास, पावलं, कपड्यांची सळसळ नाहीशी होते आणि माणसं काचेच्या खोलीत बोलताहेत असं वाटतं.

लावताना एवढं बघा. भाषेची यादी तोकडी दिसली तर प्रोफाइलची भाषा तपासा. टीव्हीवर एप्रिल २०२५ पासून सगळ्या उपलब्ध भाषा दिसू लागल्या. संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीत कर्कश वाटलं तर ऑडिओत ‘५.१’ (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) निवडलेलं असेल. टीव्हीला दोनच स्पीकर असतील तर साधा पर्याय घ्या. पट्टीचा आकार आणि मागची सावली ब्राउझरवरून प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये बदलता येते. देवनागरी पट्टी असेल तर आकार एक पायरी मोठा ठेवा, नाहीतर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. डाउनलोड करण्याआधी भाषा निवडा, नंतर प्रवासात सगळे पर्याय मिळत नाहीत. डिसेंबर २०२१ च्या कपातीत १४९ रुपयांवर आलेला मोबाइल प्लॅन फोन-टॅबपुरताच आहे. त्यावरून टीव्हीवर दाखवता येत नाही, तेव्हा घरच्यांसोबत बघायचं असेल तर तो घेऊ नका.

हिंदी डब बरा की वाईट हे दोन मिनिटांत कळतं. दोन अनोळखी माणसं पहिल्यांदा भेटून वय विचारतात तो प्रसंग शोधा. प्रेमकथेत तो बहुतेक पहिल्या-दुसऱ्या भागातच येतो. वय कळल्यावर हिंदी सर्वनाम बदललं तर डब बिनधास्त चालू ठेवा. वय कळायच्या आधीच दोघं ‘तुम’वर आलेले असतील तर आवाज कोरियनवर न्या.