जुन्या गेममधील कटसीन जपण्यासाठी एफएफएमपेग : एक परीक्षण

नागपुरात २००० च्या आसपास ज्यांनी घरी संगणक घेतला, त्यांच्या माळ्यावर किंवा दिवाणात जुन्या गेमच्या सीडींचे एखादे खोके हमखास निघते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा स्लॅबखालचा माळा दिवसभर तापत राहतो. घरी लिहिलेल्या सीडीवरील माहिती ज्या रंगद्रव्याच्या थरात साठलेली असते, तो थर अशा उष्णतेने हळूहळू खराब होतो. या सीडींवरील गेमपेक्षाही मला त्यांतील कटसीनची, म्हणजे खेळाच्या अधूनमधून दिसणाऱ्या कथेच्या चित्रफितींची, काळजी अधिक वाटते. २०२० मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’ या वेस्टवूड कंपनीच्या जुन्या गेमची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा मूळ चित्रीकरणाच्या टेप हाती न लागल्याने पूर्वी प्रकाशित झालेल्या डिस्कवरचीच लहान, अस्पष्ट दृश्ये संगणकाकडून मोठी करून घ्यावी लागली. खुद्द प्रकाशकांची ही स्थिती असेल, तर ग्राहकांच्या घरातील प्रत्येक सुस्थितीतील सीडीला मोल आहे.

या कामासाठी मी एफएफएमपेग हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम वापरतो. फॅब्रिस बेलार्ड यांनी २००० मध्ये तो सुरू केला. त्याला खिडक्या आणि बटणे नाहीत, सर्व आज्ञा टंकलिहून द्याव्या लागतात. त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर केवळ मूळ कोड मिळतो आणि विंडोजसाठीची तयार प्रत तेथे दिलेल्या दुव्यांवरून घ्यावी लागते. नवख्या माणसाला पहिली संध्याकाळ जड जाते, हे मान्य करायला हवे.

त्याचे खरे सामर्थ्य जुन्या फॉरमॅटच्या जाणकारीत आहे. त्या काळी प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने व्हिडिओ दाबून बसवीत असे. वेस्टवूडच्या गेममध्ये व्हीक्यूए, इंटरप्लेच्या ‘फॉलआउट’ आणि ‘बाल्डर्स गेट’मध्ये एमव्हीई, ‘डायब्लो’ आणि ‘स्टारक्राफ्ट’मध्ये २५६ रंगांचे स्मॅकर, तर ‘डायब्लो २’मध्ये स्मॅकर बनवणाऱ्या रॅड कंपनीचेच अधिक रंगांचे बिंक हे फॉरमॅट आढळतात. यांपैकी बहुतेकांची रचना कंपन्यांनी जाहीर केलेली नव्हती. स्वयंसेवकांनी फाइली बाइट-बाइट तपासून ती उलगडली आणि त्यांच्या त्या कष्टांमुळेच आज आपण एका आज्ञेत हे व्हिडिओ उघडू शकतो. स्मॅकर आणि बिंक बनवणाऱ्या कंपनीची रॅड व्हिडिओ टूल्स ही विंडोजवरील मोफत साधनेही चांगली आहेत आणि बटणांच्या सवयीमुळे सोपी वाटतात, पण त्यांचा भर त्याच घराण्याच्या फॉरमॅटवर असल्याने वेगवेगळ्या कंपन्यांच्या सीडी हाताळणाऱ्याला एफएफएमपेगच हवे.

मात्र एफएफएमपेग गेमचे पेटारे उघडत नाही. ‘डायब्लो’चे व्हिडिओ एमपीक्यू या एकत्रित फाइलीत असतात आणि ‘कमांड अँड कॉन्कर’चे मिक्स फाइलीत. पहिल्यासाठी लाडिकचे एमपीक्यू एडिटर आणि दुसऱ्यासाठी एक्ससीसी मिक्सर ही साधने आधी चालवावी लागतात. सीडीची प्रतही एफएफएमपेग काढत नाही. ओरखडलेल्या सीडीसाठी ग्नूचे डीडीरेस्क्यू उत्तम आहे, कारण ते वाचता न आलेल्या भागांची नोंद ठेवते आणि पुढच्या वेळी, हवे तर दुसऱ्या ड्राइव्हवर, फक्त तेवढेच भाग पुन्हा वाचून पाहते. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच नसतो, तेव्हा सीताबर्डीतील संगणकाच्या दुकानांत यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह विचारावा. गेमचे संगीत स्वतंत्र ऑडिओ ट्रॅकमध्ये असेल तर साध्या आयएसओ प्रतीत (सीडीवरील फक्त डेटाची एक फाइल) ते येत नाही, म्हणून अशा सीडीची प्रत बिन-क्यू जोडीत, म्हणजे सीडीवरील सर्व माहितीची एक फाइल आणि ट्रॅकची यादी देणारी दुसरी फाइल अशी, घ्यावी.

आता रूपांतराकडे वळू, कारण नुकसान बहुधा येथेच होते. सीडीवरून निघालेली मूळ स्मॅकर किंवा व्हीक्यूए फाइल हाच खरा ठेवा आहे आणि कोणतेही रूपांतर झाल्यावर ती पुसू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जोडीला मॅट्रोस्का (एमकेव्ही) फाइलीत एफएफव्ही१ या कोडेकने, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीने, एक निर्दोष प्रत करावी. हे कोडेक एफएफएमपेगच्याच प्रकल्पात घडले, चित्रातील एकही बिंदू गमावत नाही आणि २०२१ मध्ये त्याची रचना आरएफसी ९०४३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली, त्यामुळे अभिलेखागारेही त्यावर भरवसा ठेवतात. २५६ रंगांच्या व्हिडिओसाठी आउटपुट आरजीबीमध्येच (लाल, हिरवा, निळा या रंगरचनेत) राहील अशी सूचना स्पष्टपणे द्यावी. शिवाय एफएफएमपेगमधील फ्रेमएमडी५ ही सोय प्रत्येक फ्रेमचा ठसा, म्हणजे तिच्या माहितीवरून काढलेला ओळख-आकडा, काढून देते. दोन्हीकडील रंगरचना सारखी ठेवून मूळ आणि प्रत यांचे ठसे जुळवले की प्रतीबद्दल शंका उरत नाही. एवढी नेमकी पडताळणी फुकट मिळते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मोबाइलवर किंवा टीव्हीवर पाहण्यासाठी एमपी४ प्रत वेगळी करावी लागते. बहुतेक उपकरणांना चालणाऱ्या एमपी४ मध्ये रंगाची माहिती आडवी आणि उभी निम्मीच राहते, त्यामुळे ३२० गुणिले २०० आकाराच्या चित्रात लाल-निळ्या कडा फिसकटतात. उपाय असा की आधी चित्र मोठे करावे. त्या काळी हे चित्र ४:३ च्या पडद्यावर पूर्ण पसरत असे, म्हणजे त्यातील प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा उंच दिसे. रुंदी पाचपट आणि उंची सहापट केली की १६०० गुणिले १२०० हा अचूक आकार मिळतो. मोठे करताना ‘नेबर’ हा पर्याय निवडल्यास बिंदू जसेच्या तसे, न पुसटता वाढतात. इंटरनेटवर या गेममधील अनेक दृश्ये बसकी दिसतात, कारण उंचीची ही दुरुस्ती कोणी केलेलीच नसते.

काही ठिकाणी मात्र हे साधन कामाचे नाही. ‘व्हाइस सिटी’ या गेममधील प्रसंग गेमचे इंजिन त्या क्षणी रेखाटते, त्यांची व्हिडिओ फाइलच नसते, म्हणून ते खेळत असतानाच रेकॉर्ड करावे लागतात. डॉसवरील गेमसाठी डॉसबॉक्स या, आजच्या संगणकावर डॉसचे गेम चालवणाऱ्या प्रोग्राममधील रेकॉर्डिंगची सोय वापरावी. ती निर्दोष झेडएमबीव्ही फाइल बनवते आणि ती फाइल एफएफएमपेगला वाचता येते. बिंक २ च्या नव्या फाइलींसाठी मात्र रॅडचीच साधने गाठावी लागतात.

ज्यांच्याकडे एखाद-दुसरीच बिंक फाइल आहे, त्यांनी रॅड व्हिडिओ टूल्सवर समाधान मानावे. ज्यांच्याकडे खोकेभर सीडी आहेत, त्यांनी एफएफएमपेग शिकून घ्यावे आणि घरी लिहिलेल्या सीडी येत्या उन्हाळ्याआधी सर्वांत प्रथम वाचून घ्याव्यात. कारखान्यात छापलेल्या सीडींचा क्रम त्यानंतर लावला तरी चालेल.