चॉपिंग बोर्ड घरीच करायचाय, मग बांबूच्या पट्ट्या की सागाची फळी?

मी दोन्ही करून बघितलेत म्हणून सांगते. सागाचं सोपं आहे, सुताराकडून रंधा मारून फळी आणली, 80, 120, 220 नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, तेल लावलं, झालं. बांबूचं तसं नाही. कोकणातला माणगा (बांबूची एक जात) मिळाला तर तोच घ्या, जवळजवळ भरीव असतो त्यामुळे पट्टी जाड निघते, पण हिरवी साल तासा, पट्ट्या उकळा (आतला स्टार्च राहिला की भुंगा लागतो), मग सावलीत पूर्ण वाळवा, इथे मी घाई केली आणि पहिला बोर्ड जोडावरच उकलला, खूप वाईट वाटलं. ग्लू वॉटरप्रूफ आणि फूड-सेफ लिहिलेलाच, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवा.

सुरीच्या धारेच्या बाबतीत फार फरक नाही, धार बोथट करणारी सिलिका दोन्हीत असते. पाण्याला मात्र साग जास्त टिकतो, त्यात मुळातच तेल असतं. बांबूचा बोर्ड सिंकमध्ये भिजत ठेवलात तर जोड गेलेच म्हणून समजा.

तरी परसात माणग्याचं बेट असेल तर मी बांबूच करेन, कापलं तरी बेट परत फुटतं, साग वाढायला कित्येक वर्षं जातात. तेल फूड ग्रेड मिनरल ऑइलच वापरा, शेंगदाण्याचं नको, खवट वास येतो.