ऑगस्टचा 'दुसरा चंद्र' आणि स्टेलॅरियम: फॉरवर्ड तपासायला कितपत उपयोगी?

ऑगस्ट लागला की आकाशनिरीक्षणाच्या गटांत तो मेसेज येतोच. '२७ ऑगस्टला मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र, पुन्हा हा योग थेट २२८७ मध्ये, सर्वांना पाठवा.' २००३ साली तो ईमेलने फिरला, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. नुसतं 'हे खोटं आहे' म्हटलं की समोरून 'नासाने सांगितलंय' येतं. अशा वेळी आकडा लागतो. तो काढून द्यायला स्टेलॅरियम हे कुठल्याही तारखेचं आकाश संगणकावर दाखवणारं फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उत्तम आहे, फक्त त्याच्या दोन-तीन खोडी आधी माहीत हव्यात.

संगणकावरची आवृत्ती घ्या. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालते. मोबाइल अ‍ॅप गच्चीवर तारे ओळखायला बरं, पण या कामाला मोठा पडदा आणि कीबोर्डच हवा. पहिल्यांदा एफ ६ दाबून आपलं गाव निवडा. नेटवर्कवरून स्थान घेण्याची खूण काढून टाका, नाहीतर इंटरनेट कंपनीचं केंद्र ज्या शहरात असेल ते शहर तुमच्या माथी बसतं. टाइमझोन आशिया/कोलकाता आहे ना, तेही तिथेच बघा.

आता एफ ५ ने तारीख २७ ऑगस्ट २००३, वेळ रात्री ११. एफ ३ ने मंगळ शोधा. नाव इंग्रजीत टाका, मग स्पेसबारने तो मध्यभागी आणा. डाव्या कोपऱ्यातल्या माहितीत 'अ‍ॅपरंट डायमीटर' (आकाशात दिसणारा व्यास) ही ओळ सापडेल: साधारण २५.१ विकला (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). अंतर सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटर. म्हणजे मेसेजमधली तारीख खरी, विक्रम खरा (जवळपास ६०,००० वर्षांत मंगळ इतका जवळ आला नव्हता), २२८७ सुद्धा खरं. खोटा आहे तो फक्त आकार. पूर्ण चंद्र सरासरी ३१ कला, म्हणजे १,८०० विकलांहून थोडा जास्तच. मंगळ त्याच्या सत्तरपट लहान होता. शिवाय त्याच रात्री चंद्रावर क्लिक करून पाहा: श्रावणातली अमावास्या, पिठोरी! तुलनेला पौर्णिमेचा चंद्र आकाशात नव्हताच.

मग 'चंद्राएवढा' आला कुठून? मूळ मजकुरात '७५ पट वर्धनाने पाहिल्यास' असं होतं. फॉरवर्ड होता होता ओळी तुटल्या, ७५ पट वरच्या ओळीत राहिलं आणि खाली उरलं ते 'मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल'. २५.१ गुणिले ७५ म्हणजे १,८८२ विकला, ३१ कलांहून किंचित जास्त. गणित चोख होतं. हे स्टेलॅरियममध्ये करूनही बघता येतं. एफ २ मध्ये प्लगइनच्या यादीत दुर्बिणीतलं दृश्य दाखवणारं 'ऑक्युलर्स' सुरू करा (सुरू नसेल तर खूण करून प्रोग्रॅम पुन्हा उघडावा लागतो), दुर्बिणीचं नाभीय अंतर ७५० मिमी आणि नेत्रिका (डोळा लावायचं भिंग, आयपीस) १० मिमी भरा, बरोबर ७५ पट होतं. कंट्रोल ओ दाबलं की नेत्रिकेतलं दृश्य येतं. त्यात मंगळ बऱ्यापैकी बारीकच दिसतो आणि लोक हिरमुसतात. पण खरा चंद्रही आकाशात अर्धाच अंश असतो. हात लांब करून करंगळी धरली तर ती त्याला सहज झाकते. आपल्या मनातला चंद्रच मोठा असतो.

आता खोडी. दृश्य लांबून पाहताना स्टेलॅरियम ग्रहाचा ठिपका तेजस्वितेनुसार मोठा काढतं. तो आकार नव्हे. मंगळ फुगलेला दिसतोय असा स्क्रीनशॉट कुणी गटात टाकला, तर अफवेला उलट खतपाणी. आकार नेहमी माहितीतल्या आकड्यावरून घ्या किंवा तबकडी दिसेपर्यंत झूम करा. दुसरी खोडी एफ ४ मध्ये, सौरमालेच्या टॅबवर: चंद्र मोठा करून दाखवण्याचा पर्याय. तो चुकून चालू राहिला तर चंद्र चौपट दिसतो आणि सगळी तुलना फसते.

जुलैतल्या 'अपसूर्य'वाल्या (पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते ती स्थिती) मेसेजला तर हे रामबाण आहे. त्यात म्हटलेलं असतं की पृथ्वी एरवी सूर्यापासून ९ कोटी किलोमीटरवर असते आणि आता १५.२ कोटींवर जाणार, म्हणून थंडी, खोकला, ताप. सूर्यावर क्लिक करा आणि उजवा चौकटी कंस दाबत एकेक आठवडा पुढे जा. जानेवारीच्या सुरुवातीला १४.७ कोटी, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी; वर्षभर त्याच पट्ट्यात. ९ कोटी कधीच येत नाही. जुलैत गारठतं ते पावसाने, आणि उत्तर गोलार्धाचा बराचसा भाग तेव्हा उन्हाळ्यात होरपळत असतो. ४ जानेवारी २०१५ ला गुरू-प्लूटो एका रेषेत येऊन आपलं वजन कमी होणार, असाही एक मेसेज होता, तेही पाहून घ्या: गुरू सिंहेत, प्लूटो धनूत.

जिथे जागा, अंतर किंवा आकार नाही तिथे मात्र याचा उपयोग शून्य. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण, मोबाइल बंद ठेवा' याला इथे उत्तर नाही. 'दिवाळीच्या रात्रीचा भारत' म्हणून फिरणारा रंगीबेरंगी उपग्रह-फोटोही याच्या कक्षेबाहेर. त्यासाठी प्रतिमा-शोध वापरा. तो अनेक वर्षांतल्या शहरी दिव्यांचा जोडचित्र-नकाशा आहे, आणि नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीने २०१२ मध्येच तसा खुलासा केला होता.

गटात उत्तर टाकताना कंट्रोल एस ने स्क्रीनशॉट घ्या. डावीकडची माहिती आणि खालची तारीख दोन्ही चित्रात राहू द्या. २००३ बरोबर चालू वर्षाचाही एक जोडा. उदाहरणार्थ, २७ ऑगस्ट २०२३ ला मंगळ ४ विकलांहूनही लहान होता, तोही संधिप्रकाशात मावळतीला टेकलेला.