सायन्सवाल्यांना माणसांशी बोलायला शिकवणारा कोर्स, ५ पैकी साडेतीन

गाईड मागेच लागले म्हणून केला हा ६ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, विषय काय तर वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांमध्ये काम करताना सायन्सच्या मुलांनी कसं वागायचं. मला वाटलेलं 'नम्रपणे बोला' टाईप ज्ञान असणार. पण पहिल्याच सेशनला मॅडमनी अर्धा तास आमच्यापैकी कुणालाच न येणाऱ्या भाषेत शिकवलं आणि वर त्याच भाषेतलं संमतीपत्र दिलं, मी आपला मान डोलावत बसलो आणि शेवटी सही पण ठोकली! नंतर कळलं, ३ वेळा रक्त द्यायला तयार झालोय म्हणे.

तिथून पुढे मात्र नीट बसून केला. "समजलं का?" विचारायचंच नाही, सगळे हो म्हणतात (मीही म्हटलंच की), त्यापेक्षा "घरी गेल्यावर हे कसं सांगाल?" असं विचारायचं आणि उत्तर चुकलं तर आपलं सांगणं चुकलं असं धरायचं, याला टीच-बॅक म्हणतात. दुभाषा असला तरी बघायचं समोरच्या माणसाकडे. घरातल्या लहान पोराला दुभाषा करायचं नाही, आईचं दुखणं त्याच्या तोंडून कशाला वदवून घ्यायचं. ऐकायला सोपंय, पण माझा प्रॅक्टिसचा व्हिडिओ बघितला तर डोळे सारखे दुभाष्याकडेच.

शब्दांचा आठवडा एक नंबर. इंग्लिश औषधाच्या लेबलवर 'वन्स' म्हणजे एकदा, पण तेच स्पेलिंग स्पॅनिशमध्ये ११! १९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका मुलाबद्दल घरचे 'इन्टॉक्सिकादो' म्हणाले, त्यांना म्हणायचं होतं खाण्यातून काहीतरी बाधलंय, डॉक्टरांना वाटलं नशेचा ओव्हरडोस, मेंदूतला रक्तस्राव वेळेत कळला नाही आणि पोराचे हातपाय कायमचे लुळे पडले. मला तर लगेच हिंदीतली 'शिक्षा' आठवली, आपल्याला ती ऐकून छडीच दिसते.

आता तक्रारी. क्विझ बंडल आहेत. उदाहरणं जवळपास सगळी दवाखान्यातली, मी पाण्याचे नमुने गोळा करणारा माणूस, मला काय. रोल-प्ले आपसातच, त्यात सगळे ओव्हरॲक्टिंग करतात. आणि भाषांतर झाल्यावर ते दुसऱ्याकडून परत मूळ भाषेत करून ताडून बघायचं, ही खरी कामाची गोष्ट १० मिनिटांत गुंडाळली.

खरी बाहेरची व्यक्ती आली ती शेवटच्या सेशनला, एक आजी, दुभाष्यासकट. मी माझा प्रोजेक्ट समजावला, आजींनी विचारलं, पाणी तपासून नेणार, मग रिपोर्ट आम्हाला कुठल्या भाषेत देणार? आमच्या प्रपोजलमध्ये रिपोर्ट लोकांना द्यायचाय हेच नव्हतं. परवा गाईडना भाषांतराचा खर्च बजेटमध्ये धरायला सांगितलाय, बघू म्हणालेत.