निदान चुकलं, आता दाद कुठे मागायची? ग्राहक आयोग, मेडिकल कौन्सिल की पोलीस ठाणं

पाच दिवस ताप उतरत नाही, डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणत राहतात, आणि दुसरीकडे हलवल्यावर कळतं की मेंदूज्वर होता किंवा संसर्ग रक्तात पसरला होता. अशी फाइल पिशवीत घालून आपल्या नाशिकचा माणूस आधी पोलीस ठाणं गाठतो. माझ्या मते तो रस्ता सगळ्यात शेवटचा.

जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी हलगर्जी ढोबळ, अक्षम्य असावी लागते आणि आधी तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. निदानातली चूक त्या पायरीपर्यंत क्वचितच पोहोचते. रुग्ण दगावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण उपचाराच्या कर्जाचं काय? (आणि रागाने दवाखान्याच्या काचा फोडल्या, तर अजामीनपात्र गुन्हा उलट आपल्याच नातेवाइकांवर.)

पैसे परत हवेत, भरपाई हवी, तर जिल्हा ग्राहक आयोग. रुग्णालयाला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथेच चालते. मागितलेल्या भरपाईचा आकडा इथे पाहत नाहीत. बिल ५ लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. वकील सक्तीचा नाही, पण संसर्गाच्या प्रकरणात रिपोर्ट वाचता येणारा वकील घ्याच. मुदत दोन वर्षांची. निदान चुकल्याचं कधी कळलं यावर वाद घालता येतो, पण तुम्ही आपली घटनेपासूनच मोजा. निकाल कायद्यात म्हटलंय तितक्या झटपट लागत नाही, ही तयारी ठेवा.

इथे एक निकाल हाताशी ठेवा: व्ही. किशन राव, २०१०. थंडी वाजून ताप येणाऱ्या बाईवर मलेरियाऐवजी टायफॉइडचे उपचार झाले आणि ती दगावली. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आणि जिल्हा ग्राहक मंचाने (आताचा जिल्हा आयोग) दिलेली दोन लाखांची भरपाई कायम केली. तरीही नुसतं निदान चुकणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. ताप उतरत नसताना तपासण्या का केल्या नाहीत, वरच्या रुग्णालयात का पाठवलं नाही, इथे प्रकरण उभं राहतं किंवा पडतं.

मेडिकल कौन्सिल, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ठेवणारी राज्याची परिषद, मुंबईत. ती डॉक्टरला ताकीद देईल, नोंदणी निलंबित करेल, रुपया मात्र मिळवून देणार नाही. ‘दुसऱ्या कुणावर ही वेळ नको’ असं मनापासून वाटत असेल तर जरूर जा, आयोगातली तक्रार चालू असतानाही चालतं. फक्त डॉक्टरची पदवी आधी बघा. बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) असेल तर परिषद वेगळी.

सगळ्यांवर मोफत उपचार करणाऱ्या सरकारी रुग्णालयात हे घडलं असेल तर ग्राहक आयोगाचं दार बंद. मग दिवाणी दावा, तोही आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस देऊन.

कुठेही जा, केसपेपर लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. ७२ तासांत प्रती द्याव्यात असा नियम आहे. आणि वकिलाकडे जाण्याआधी, ज्या डॉक्टरांनी खरं निदान केलं त्यांना विचारा: दोन दिवस आधी कळलं असतं तर काय फरक पडला असता? उत्तर कागदावर द्यायला ते तयार आहेत का, तेही तेव्हाच कळेल.