आयएनए२१९ मॉड्यूल: छोट्या सोलर पॅनेलला मस्त, पण २६ व्होल्टच्या आतच

गच्चीवरचं ४० वॅटचं पॅनेल दिवसभरात नक्की किती करंट देतं ते ईएसपी३२ वर (छोटा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर बोर्ड) बघायचं होतं, म्हणून पुण्याच्या बुधवार पेठेतून करंट आणि व्होल्टेज मोजणारं हे मॉड्यूल आणलं, दोनशेच्या आसपास पडलं. पिना सुट्ट्या येतात, सोल्डर आपणच मारायचं.

बरेच जण एसीएस७१२ हा दुसरा करंट सेन्सर सुचवतात. पण त्याचं ५ अँपिअरवालंसुद्धा अँपिअरमागे फक्त १८५ मिलीव्होल्ट देतं, आर्डुइनो उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ४.९ मिलीव्होल्टच्या पायरीने मोजतो, म्हणजे आकडा एक घर हलायला २६ मिलीअँपिअर पाहिजेत, आणि ढगाळ दिवशी पॅनेल देणार शंभर-दीडशे, मग मोजणार काय डोंबल! ईएसपी३२ ला लावलं तर ५ व्होल्टचा सप्लाय जरा हलला की झिरोच सरकतो, ते वेगळंच.

आयएनए२१९ मध्ये ०.१ ओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर, वर आर१०० लिहिलेलं असतं) आणि १२ बिटचा एडीसी आतच, डेटासाठी आय२सीच्या दोन वायरी जोडल्या की झालं. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून ताडून बघितलं, फरक नावापुरता. ढग आला की करंट दोन अँपिअरवरून धाडकन खाली येतो, व्होल्टेज मात्र बॅटरीने धरून ठेवल्यामुळे फारसं हलत नाही, हे लाईव्ह बघायला भारी वाटतं. दोन अँपिअरला शंटमध्ये ०.४ वॅट जातात त्यामुळे तो बऱ्यापैकी तापतो, बंद डब्यात कोंबू नका.

आता मेन गोष्ट. कोडच्या लायब्ररीत ३२ व्होल्टचं सेटिंग दिसतं त्याला भुलू नका, चिपची लिमिट २६ आहे आणि १२ व्होल्टवालं पॅनेलसुद्धा लोड नसताना २१-२२ दाखवतं, म्हणजे दोन सिरीजमध्ये लावली की चिप गेलीच. करंटही ३.२ अँपिअरपर्यंतच.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. पॅनेलचं मायनस ईएसपी३२ च्या ग्राउंडला जोडावं लागतं, पण पॅनेल आणि बॅटरीच्या मधले स्वस्तातले बरेच पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर कॉमन पॉझिटिव्ह असतात, म्हणजे दोघांचं प्लस एकच आणि स्विच मायनसच्या लाईनमध्ये. ईएसपी३२ त्याच बॅटरीवर चालवत असाल तर तो स्विच बायपास होऊन पॅनेल थेट बॅटरीला लागतं आणि बॅटरी ओव्हरचार्ज. त्यामुळे ईएसपी३२ ला वेगळी पॉवर बँक द्या.

छतावरच्या तीनशे वॅटच्या पॅनेलसाठी हे घेऊच नका, तिथे बाहेरचा मोठा शंटच लागतो. छोट्या पॅनेलला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या डुगडुगणाऱ्या स्क्रू टर्मिनलचा.